तेलाच्या दोन वाटा

लघवीबद्दल लिहायचं म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी इकडेतिकडे बघतो. मीही बघितलं. मग विचार केला, ज्या गोष्टीने मला एक अख्खा हिवाळा रडवलं, तिच्याबद्दल लाजत बसले तर उद्या दुसऱ्या कुणा बाईला तेच दिसेल आणि तिला वाटेल, असं जगात फक्त आपल्यालाच झालं. मला तसंच वाटलं होतं. म्हणून सरळ सांगते. माझी मुलगी झाल्यावर काही आठवड्यांनी मला पांढरी लघवी होऊ लागली. गढूळ नव्हे, फिकट नव्हे. दुधासारखी पांढरी.

मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी, बाभुळगावला होते. माझे मिस्टर राळेगावच्या एका जिनिंगमध्ये सुपरवायझर. कापसाची ती वाईट वर्षं होती. जिनिंग चालू राहिली तर रात्रंदिवस, बंद पडली तर कधी उघडेल याचा भरवसा नाही, त्यामुळे त्यांना सुट्टी मागायची भीती वाटे. ते रविवारी यायचे, मुलीला मांडीवर घेऊन अवघडून बसायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचे. मुलीचं नाव अजून ठेवायचं होतं. आम्ही तिला चिमी म्हणत होतो.

आणि माझं माहेर म्हणजे तेलाचं घर. माझ्या बाबांची घाणी आहे. शेंगदाणा, तीळ, जवस, करडई, जे येईल ते पेरून नव्हे तर पिळून खाणारी आमची जात, असं बाबा गमतीने म्हणतात. आमच्या घरात भाजीवर तवंग दिसला नाही तर ती भाजी आजाऱ्याची समजतात. त्यात मी बाळंतीण. तुपातला शिरा, डिंकाचे लाडू, भाकरीवर तूप, जवसाच्या चटणीवर कच्चं तेल. आई वाढताना हात आखडत नसे आणि मीही नको म्हणत नसे. लाड करून घेण्याचे दिवस बाईच्या आयुष्यात मोजकेच असतात.

वाट चुकलेलं दूध

पहिले दोन-चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही. सकाळी लघवी जवळजवळ नेहमीसारखी असे. दुपारी जेवण झालं, चिमीला पाजून झालं, की मग ती पांढरी यायची. मी मगभर पाणी ओतून मोकळी व्हायची. पण बघून झालेलं मनातून ओतून टाकता येत नाही. शेवटी लघवी मगात धरली आणि आईला बोलावून दाखवलं. आईने मग हातात घेतला, उजेडात नेला आणि तिथेच ओट्यावर टेकली.

"हे तं दूध आहे," ती म्हणाली. "पोरीच्या वाट्याचं दूध खाली चाललं बाई."

राळेगावहून सासूबाई आल्या. त्यांनी सहा बाळंतपणं हातावेगळी केलेली, त्यामुळे त्यांच्या शब्दाला घरात वजन. त्यांनीही मग बघितला.

"दुधाची वाट चुकली," त्या म्हणाल्या. "वर जायले पाह्यजे ते खाली उतरून राह्यलं. तूप वाढवा हिचं. ताकद आली का चढन वर."

तूप वाढवलं. लाडूही दुप्पट झाले. आणि लघवी अशी पांढरी व्हायला लागली की एकदा मगात तशीच थोडा वेळ राहिली तर वर साय धरली. ती साय बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी चिमीला छातीशी लावलं आणि ती चुटचुट ओढत असताना मला एकच दिसत होतं, की हिच्या तोंडात जातंय त्याहून जास्त बाहेर वाहून चाललंय. मी वाळत चालले होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. जिने चढताना, म्हणजे आमच्या घाणीच्या तीन पायऱ्या चढताना, डोळ्यांपुढे अंधारी यायची.

सासूबाई जाताना अंगणात आईला म्हणाल्या, ते मला आत ऐकू आलं. "हिचं दूध पोरीले पुरत नसन. मी घेऊन जातो तिले. आमच्या घरी बकरी हाय. बकरीच्या दुधावर किती पोरं वाढले." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मी चिमीला घट्ट धरलं ते त्या फाटकाबाहेर जाईपर्यंत सोडलं नाही.

मग एक दिवस लघवीच अडली. आत त्या पांढऱ्याच्याच गाठी झाल्या होत्या. ते दुखणं मी सांगत बसत नाही, बाळंतपण परवडलं. बाबांनी जीप केली आणि आम्ही यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात गेलो.

नळीतलं दूध

नळी घालून लघवी काढली, जीव जरा ठिकाणावर आला, आणि मग एक डॉक्टरबाई आल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी काचेच्या नळीत ते पांढरं घेतलं आणि माझ्यासमोर, आईबाबांसमोर, त्यात कसलंसं उग्र वासाचं औषध ओतलं. नळीवर अंगठा ठेवून हलवली. बघता बघता दूध नाहीसं झालं. खाली जवळपास स्वच्छ पाणी राहिलं.

"हे दूध नाही," त्या म्हणाल्या. "दूध असं विरत नाही. हे तेल-तूप आहे. तुम्ही खाल्लेलं."

बाबा पुढे झाले. "आमच्या घाणीचं?"

"कोणत्याही घाणीचं, काका."

बाबांना तो अपमान वाटला की दिलासा, ते अजून मला कळलेलं नाही. पण मला काय वाटलं ते सांगते. हे चिमीचं नव्हतं. एवढं एकच मला ऐकू आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच रडले. डॉक्टरबाईंना वाटलं, घाबरले.

मग त्यांनी समजावलं. मी जन्मापासून तेलाच्या घरात वाढलेली, बियांतून तेल कसं निघतं ते मला झोपेत विचारा. पण तेच तेल माणसात गेल्यावर त्याचं काय होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, खाल्लेलं सगळं पोटात जिरतं आणि रक्तात जातं. साखर तशी जाते. डाळीचा अंशही तसाच जातो. तेल मात्र जात नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, हे घरातलं लहान पोरगंही जाणतं, आणि रक्त म्हणजे बरंचसं पाणीच. मग शरीर काय करतं, तर आधी पित्त त्या तेलाचे बारीक बारीक थेंब करतं. आतडं ते फोडून आत घेतं. आत घेतल्यावर फोडलेलं पुन्हा जोडतं, वर एक पातळ आवरण चढवतं, आणि रक्ताकडे न पाठवता एका वेगळ्याच वाटेला लावतं. रसवाहिन्या म्हणतात त्यांना. जेवणानंतर त्या नळ्या दुधासारख्या पांढऱ्या होतात.

"प्रत्येकाच्या?" मी विचारलं.

"प्रत्येकाच्या. माझ्याही आत्ता असतील. डब्यात पुऱ्या होत्या."

त्यांनी माझ्या पोटावर बोट ठेवलं आणि ते पाठीच्या कण्याच्या रेषेने वर नेलं, छातीतून, थेट डाव्या खांद्याजवळच्या गळ्याच्या खळगीपर्यंत. "इथे ते रक्तात उतरतं," त्या म्हणाल्या. मी त्या जागी हात ठेवला. मंगळसूत्राच्या दोरीखालची ती जागा. मी लहानपणापासून खाल्लेलं सगळं तूप, आजोळचं लोणी, दिवाळीची शेव, सगळं याच एका जागेवरून माझ्या रक्तात उतरलं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी आजारी होते, अंगात उभं राहायची ताकद नव्हती, पण खरं सांगते, त्या क्षणी मला भीतीपेक्षा नवल जास्त वाटलं.

माझ्या बाबतीत त्या वाटेत कुणीतरी आडवं बसलं होतं. हत्तीपाय ज्या जंताने होतो, तोच. आमच्या भागात डास चावून तो अंगात येतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. त्याची पिल्लं रक्तात दिसतात तीही रात्रीच, म्हणून रक्त रात्री घेतात. "पण माझे पाय तर काड्या आहेत," मी म्हटलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळ्यांचे पाय सुजतातच असं नाही. काहींच्या पोटातल्या नळ्या तुंबतात, फुगतात आणि मूत्रपिंडाजवळ कुठेतरी फुटून तिथे झिरपायला लागतात. मग वर जायचं ते पांढरं खाली उतरतं.

सासूबाईंचं निम्मं खरं होतं म्हणायचं. वाट चुकली होती, फक्त दुधाची नव्हे.

डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या, "आधी आहाराने बघू. नाही थांबलं तर नागपूरला जावं लागेल. तिथे दुर्बिणीतून औषध सोडतात. कदाचित बरेच दिवस राहावं लागेल, आणि बाळ सोबत ठेवता येईल असं सांगता येत नाही." म्हणजे चिमी राळेगावला, बकरीच्या दुधावर. मला आता नीट कळलं की मी कशासाठी झगडते आहे.

फोडणीशिवायचं वरण

वॉर्डातले दिवस सगळ्यांचे सारखेच असतात. सकाळी फरशी पुसतात तेव्हा पाय वर घ्यायचे, मग नर्स, मग राउंड, मग जेवणाची गाडी. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरून माणूस आला की तो शेतकऱ्यांच्या मरणाचीच चौकशी करायचा. एकदा कॅमेरावाले वॉर्डात आले. एकाने माझी वाळलेली अंगकाठी बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "घरी शेती आहे का? काय परिस्थिती?" मी म्हटलं, "शेती नाही, घाणी आहे. आणि परिस्थिती विचाराल तर तेल अंगाला लागत नाही." तो पुढच्या खाटेकडे गेला.

शेजारच्या खाटेवर वणीच्या शबानाभाभी होत्या. मिस्टर कोळशाच्या ट्रकवर. भाभींची पित्ताची पिशवी खड्यांनी भरली होती, ती काढली होती. मला तेल बंद, त्यांनाही काही दिवस तेल बंद. जेवणाच्या गाडीवरून दोघींना एकच यायचं. फोडणीशिवायचं वरण, भात, उकडलेली दुधी.

"तुझं बाहेर पळतं अन् माझं जिरत नाही," भाभी म्हणायच्या. "आपण दोघी मिळून एक ठीकठाक बाई होते."

त्यांनीच मला चिमीला पाजायला पडदा धरून दिला. वॉर्डात पुरुष भेटायला यायचे तेव्हा भाभी आपल्या ओढणीचं एक टोक खाटेच्या दांड्याला आणि दुसरं खिडकीला बांधत. पोटाला टाके असताना. वाकताना त्यांच्या तोंडून हाय निघायची, पण गाठ बांधूनच त्या आडव्या होत. आजारात मोठे उपकार करणारे नंतर आठवण करून देतात. असे छोटे करणाऱ्यांना मात्र त्यांनी काही केलं हेच लक्षात राहत नाही. भाभींना विचारलं तर त्यांना आठवणारही नाही.

चार चमचे

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी आईबाबांना समोर उभं करून सांगितलं. तेल, तूप, लोणी, साय बंद. डाळी, साय काढलेलं दूध, अंड्याचं पांढरं, भाज्या भरपूर. "खोबऱ्याचं तेल तेवढं चालेल. रोज चार चमचे द्या, दोन सकाळी, दोन संध्याकाळी." आईने मान हलवली. बाबांनी मान हलवली. मीही हलवली.

आता हे वाचणाऱ्या कोकणातल्या माणसाला हसू येईल. पण आमच्याकडे खोबऱ्याचं तेल म्हणजे डोक्याचं तेल. ते न्हाणीघराच्या कोनाड्यात असतं, स्वयंपाकघरात त्याला पाऊल ठेवायची मुभा नाही. आईने घरी आल्याबरोबर तिळाच्या तेलाची मालिश बंद केली आणि खोबरेल तेलाची सुरू केली. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, मोजून. टाळूला, छातीला, पाठीच्या कण्याला, आणि डॉक्टरबाईंनी बोट फिरवलं होतं त्या वाटेने खास. मी डोळे मिटून पडायची. आम्हा तिघांतल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, पण रेडाही खूश होता.

जेवणात तेलाचा थेंब नव्हता. तरी लघवी पांढरीच. आधीपेक्षा थोडी कमी, पण पांढरी. मला भूक अशी लागायची की उंबरा खाईन. आई मग भाजलेले शेंगदाणे द्यायची, तिळाची कोरडी चटणी द्यायची. "कोरडं आहे," म्हणायची, "याच्यात कुठी आलं तेल?"

एक दिवस बाबा जेवायला आले आणि माझ्या पुढ्यातली वाटी बघून उभेच राहिले.

"दाण्यात तेल नाई म्हणता," ते आईला म्हणाले, "मंग माह्या घाणीतून सकाळपासून काय पाणी निघून राह्यलं का?"

आईने वाटी उचलून घेतली. मी तोंडातला घास गिळावा की थुंकावा या विचारात. अख्खं आयुष्य तेलात गेलेलं आमचं घर, आणि भांड्यातलं तेल तेवढं तेल समजत होतो. दाण्यातलं आम्ही धरलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी नळी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा पडला. "खोबऱ्याचं तेल घेता ना?"

"घेतो नं," आई म्हणाली. "रोज चार चमचे. जराबी चुकलं नाई. पाहा, अंग कसं मऊ झालं तिचं."

डॉक्टरबाई आईकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टेबलावर डोकं टेकलं आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर मात्र त्यांनी आम्हाला बसवलं आणि राहिलेली गोष्ट सांगितली. सगळी तेलं एकाच वाटेने जात नाहीत. शेंगदाणा, तीळ, जवस, सरकी, यांचं तेल लांब लांब साखळ्यांचं असतं. ते त्या पांढऱ्या वाटेनेच जातं. तुपातलंही बहुतेक तसंच. पण खोबऱ्याच्या तेलात आखूड तुकडे बरेच असतात. ते तुकडे त्या वाटेला जातच नाहीत. आतड्यातून सरळ रक्तात, रक्तातून सरळ यकृतात, साखरेसारखे. सगळं नाही, पण बरंचसं. "तुमची एक वाट तुंबली आहे. दुसरी मोकळी आहे. तिने पाठवू."

एकाच पोटात दोन वाटा. आणि कुणी पाटी लावलेली नाही, दरवान ठेवलेला नाही. आतडं तुकड्याची लांबी ओळखतं आणि ज्याला त्याला त्याच्या वाटेने लावतं. माझ्या आईला आणि मला जे कळलं नव्हतं ते माझ्या आतड्याला जन्मापासून कळत होतं.

"पण डाक्टर," आई म्हणाली, "ते तं थंडीत गोठते. बाटलीत असं पांढरं दगड होते. तिच्या अंगात नाई गोठन?"

"अंग बाटलीपेक्षा गरम असतं, आई."

मी घरी येताना जीपमध्ये तेच घोळवत होते. जे बाटलीत गोठतं ते माझ्यातून सहज पार होणार होतं, आणि जे बारा महिने पातळ वाहतं ते अडत होतं. डोळ्यांना दिसतं त्यावर माणसाने किती विश्वास ठेवावा हा प्रश्नच आहे.

बाबांची घाणी

खायचं खोबरेल तेल बाभुळगावात मिळेना. दुकानात होतं ते सुवासिक, डोक्याचं. बाबा म्हणाले, "तेलाचंच काम आहे ना. मंग घाणी कायले हाय?"

बाबांनी घाणीत खोबरं कधी घातलं नव्हतं. आधी घाणी धुवायची होती, कारण लाकूड तेल पिऊन बसतं आणि मागचा शेंगदाणा पुढच्या तेलात उतरतो. एरवी गिऱ्हाईक त्याकडे काणाडोळा करतं. बाबांनी गिऱ्हाइकांना दोन दिवस नाही म्हणून सांगितलं. गरम पाण्याने धुतली, वाळवली, मग कोरडा कोंडा घालून फिरवली, तो तेलकट झाला की काढून टाकून नवा घातला. कोंडा कोरडाच्या कोरडा निघेपर्यंत ते थांबले नाहीत. मी पायरीवर चिमीला घेऊन बसले होते. बाबा हात आत घालून लाकूड चाचपायचे, बोटं हुंगायचे आणि परत कोंडा मागायचे. ते माझ्याकडे बघत नव्हते. लेकीला आपलं तेल सोसत नाही, हे त्यांनी तोंडाने कधी बोलून दाखवलं नाही.

मग खोबऱ्याच्या वाट्या घातल्या. पहिलं तेल देवाच्या दिव्याला काढून ठेवलं. दुसरं आलं ते कोमट, पाण्यासारखं निवळ. बाबांनी बोट बुडवून चाखलं.

"गोड लागते," ते म्हणाले, आणि त्यांना त्याचं जरा आश्चर्यच वाटलेलं दिसलं.

मला गोड लागलं नाही. मुगाच्या वरणाला त्याची फोडणी बसली आणि घरभर रविवारी डोकं धुण्याचा वास सुटला. पहिला घास मी नाक धरून गिळला. शेजारची काकू डोकावून म्हणाली, "तेलही गेलं तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणायचं का हे?" आई म्हणाली, "धुपाटणं नाई, औषध आहे," आणि दार लोटून घेतलं. आता दाणे बंद, तीळ बंद, साय बंद. फक्त ते तेल.

काही दिवसांनी, दुपारच्या जेवणानंतर, मी काचेच्या पेल्यात लघवी धरली आणि खिडकीपाशी नेली. खिडकीतून पलीकडचं कडुलिंबाचं झाड दिसतं. पेल्यातूनही ते दिसलं. पानंपानं दिसली. मी आईला हाक मारली. आईने पेला हातात घेतला, डोळ्यांपुढे धरला आणि तिने त्या पेल्याला नमस्कार केला. हसू नका. तुम्हीही केला असता.

जे आधीपासून चालू होतं

पण एक शंका मला तेव्हाही सतावत होती, आणि ती मी पुढच्या भेटीत विचारली. इतके आठवडे तेल-तूप माझ्यातून वाहून जात होतं. मग चिमी काय पीत होती? नुसतं पाणी?

डॉक्टरबाईंनी चिमीला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला आणि मला म्हणाल्या, "ही वाढते आहे. कधीच थांबली नव्हती." मग सांगितलं की आईची छाती खाल्लेल्या तेलाची वाट बघत बसत नाही. ती भाकरीतल्या साखरेपासून स्वतःचं तूप स्वतः बनवते, आणि जे बनवते ते बरंचसं त्या आखूड जातीचं असतं, खोबऱ्यातल्यासारखं, कारण बाळाला ते पचायला सोपं. उरलेलं शरीर साठ्यातून काढतं. वर्षानुवर्षं साठवलेलं, बाईच्या कमरेवर, मांड्यांवर. ते त्यासाठीच ठेवलेलं असतं.

बाबांनी दोन दिवस घाणी घासून जे काढलं, त्याच जातीचं काहीतरी माझ्या छातीत आधीपासून तयार होत होतं. कोणी सांगितलं नव्हतं, शिकवलं नव्हतं. मी घाबरत होते, रडत होते, चुकीचं खात होते, आणि माझं शरीर माझ्याकडे लक्षही न देता त्याचं काम करत होतं. ज्या शरीराला मी फुटकं समजत होते त्याच्यापुढे मला लहान झाल्यासारखं वाटलं. वाईट वाटून नव्हे. मोठ्या देवळात गेल्यावर वाटतं तसं.

नागपूरला जावं लागलं नाही. जंताच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली नंतर झाल्या. आज मी थोडंसं शेंगदाण्याचं तेल खाते आणि दुपारी नजर टाकते. सवय गेली नाही. ज्यांना हे वाचून आपलं काही आठवेल त्यांना एवढंच म्हणेन, की लाजून पाणी ओतू नका. दाखवा. आणि माझ्यासारखं खोबरेल तेल स्वतःच्या मनाने सुरू करू नका. माझी वाट जिथे तुंबली होती तिथेच तुमची असेल असं नाही.

सासूबाई संक्रांतीच्या आधी आल्या. सोबत बकरीच्या दुधाची बाटली होती, कापडात गुंडाळलेली, कारण त्या ठरवूनच आल्या होत्या की नातीला घेऊन जायचं. चिमी तेव्हा गोधडीवर उघडी पडली होती, उन्हात. आई तिला तेल लावायच्या तयारीत होती. सासूबाई खाली बसल्या, बाटली बाजूला ठेवली आणि चिमीची मांडी चिमटीत धरली. मांडीला तीन वळ्या पडल्या होत्या. त्यांनी एकेक वळी बोटाने उघडून बघितली, आत पावडर साचली होती ती पुसली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लुगड्यातल्या काठीसारखी समोर उभी होते.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसले. त्यांनी साडीवरून माझ्या मांडीवर हात ठेवला, हाड लागलं तशी जरा दाबून बघितली. परत चिमीची मांडी धरली. एक हात माझ्या मांडीवर, एक तिच्या.

"इथलं सारं तिथं गेलं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बकरीच्या दुधाची बाटली उघडली, ग्लासात ओतली, चमच्याने वरची साय निगुतीने बाजूला काढली आणि ग्लास माझ्या हातात दिला.

"तू पे," म्हणाल्या. "तिले तू हाय."